औंधचे संग्रहालय आणि औंढ्याची भिंत

औंढ्याचा माणूस पुण्या-मुंबईकडे गेला आणि त्याने गावाचे नाव सांगितले, की समोरचा हमखास विचारतो, "औंध? पुण्याचे की साताऱ्याकडचे?" मग आपण 'औंढा, नागनाथाचे' असे म्हणतो, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. या गल्लतीचा आपल्यापैकी अनेकांना कंटाळा आला असेल. पण साताऱ्याकडच्या त्या औंधाशी आपले नाते केवळ नावाच्या सारखेपणाचे नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचा इतिहास पाहू गेले, तर ही दोन गावे समोरासमोर उभी राहतात. त्यांच्याकडे एका राजाने बांधलेले चित्रसंग्रहालय आहे. आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी शिल्पांची भिंत आहे. या दोन्हींचा शाळेतल्या पोरांना काय उपयोग झाला, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावे असे वाटले.

आपल्या पिढीला चित्रकला म्हणजे काय होती, ते आधी आठवू. आठवड्यातून एक-दोन तास. फळ्यावर सरांनी काढलेला तांब्या, बादली, दोन आंबे. कॅमलच्या वड्यांची पेटी, तीही भावंडांत मिळून एक. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट. परीक्षेला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कंपास घेऊन करायची भूमिती व अक्षरलेखन. स्मरणचित्राला 'यात्रेतील दृश्य' आले, की आपल्या गावच्या पोरांना आनंद व्हायचा, कारण महाशिवरात्रीची यात्रा आपण डोळे मिटूनही काढू शकत होतो. तिथे पाळणा असायचा, फुगेवाला असायचा, मागे देवळाचे शिखर असायचे. मात्र ते शिखर आपण सारे एकसारखेच काढत होतो. त्रिकोण, वर कळस, वर भगवा. त्याखालची भिंत कशी आहे, ते कुणी विचारले नाही आणि कुणी काढलेही नाही.

असे का झाले, याचे उत्तर सापडते ते थेट लंडनमध्ये. १८५१ साली तिथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. आपल्या कारखान्यांतला माल देखणा नाही, कारागिरांना रेखाटन येत नाही, याची जाणीव इंग्रजांना त्यात झाली. मग हेन्री कोल नावाच्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय उभे राहिले आणि त्याच खात्याच्या अधिकारात देशभरच्या चित्रकलाशाळा आणि त्यांच्या परीक्षा आल्या. संग्रहालय आणि परीक्षा एकाच छपराखाली होत्या, हे इथे महत्त्वाचे आहे. एवढेच नव्हे, तर दूरच्या गावांतल्या कलाशाळांना संग्रहालयातल्या वस्तू पेट्यांत भरून फिरत्या पाठवल्या जात. मुलाने आधी चांगली वस्तू पाहावी, मग ती काढावी, मग परीक्षा द्यावी, असा तो क्रम होता.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि हाच नमुना तिथे आला. १८७२ साली भायखळ्याचे संग्रहालय लोकांसाठी उघडले, तेच आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आणि त्याच १८७२ साली आपल्या मराठवाड्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट घडली. जे. जे.चे अध्यापक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले आणि भित्तिचित्रांच्या नकला करू लागले. पुढे वर्षानुवर्षे, १८८५ पर्यंत, हे काम चालू राहिले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे चित्रकार त्यात तयार झाले. अंधाऱ्या लेण्यांत बसून त्या तरुणांनी रेषा कशी वळते, डोळा कसा काढतात, गर्दीतला प्रत्येक माणूस वेगळा कसा दिसतो, ते शिकून घेतले. आधुनिक काळातला कलाशिक्षणाचा एवढा मोठा वर्ग महाराष्ट्रात दुसरा भरला नसेल, आणि तो भरला आपल्या मुलखात. त्या नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ साली तिथे लागलेल्या आगीत त्यांतल्या पुष्कळशा जळाल्या. चित्रे गेली, हात मात्र तयार झाले होते. पण ते हात मुंबईचे होते. मराठवाड्यातले एखादे पोर त्या वर्गात बसल्याची नोंद मी तरी कुठे वाचली नाही.

तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीला इंग्रजांच्या देखरेखीखालच्या हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी होती, पण शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पुढे माध्यमिक शिक्षण उर्दूतून. हैदराबाद सरकारला कलेची कदर नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. १९१४ साली तिथे पुरातत्त्व खाते निघाले. गुलाम याझदानी यांच्यासारखा विद्वान त्याचा प्रमुख झाला. अजिंठ्याची चित्रे वाचवायला १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणले गेले. त्याआधी लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंनी अजिंठ्याच्या नकला केल्या, तेव्हा बंगालच्या नंदलाल बोसांबरोबर हैदराबादचे सय्यद अहमदही होते, आणि पुढे तेच अजिंठ्याच्या देखभालीला राहिले. हे सारे मोठेच काम. पण ते जपण्याचे काम होते, शिकवण्याचे नव्हते. राज्याचे संग्रहालय झाले ते हैदराबादला. औंढ्याच्या, कळमनुरीच्या, वसमतच्या पोराने ते पाहावे अशी सोय नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. राज्याची शालेय चौकट इकडे आली. १९६५ साली कला संचालनालय स्थापन झाले आणि रेखाकला परीक्षांचा कारभार त्याच्याकडे गेला. या परीक्षांचे मराठवाड्यावर उपकार आहेत, हे मी मनापासून म्हणतो. ज्या पोराला गणितात पस्तीस मिळत नव्हते, त्याला इंटरमिजिएटची 'ए' श्रेणी मिळाली आणि त्याचा बाप त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागला, असे आपल्या वर्गातही घडले आहे. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर काही जण औरंगाबादच्या शासकीय कला महाविद्यालयात गेले, काही कलाशिक्षक झाले. पण लंडनच्या त्या व्यवस्थेतला निम्माच भाग आपल्यापर्यंत पोहोचला. परीक्षा आली, संग्रहालय आले नाही. वस्तू पाहण्याची पायरी गळाली आणि फळ्यावरचा तांब्या तेवढा उरला.

आता साताऱ्याकडच्या औंधाकडे वळू. खटाव तालुक्यातले हे गाव एका छोट्या संस्थानाची राजधानी होते. संस्थान म्हणजे सलग मुलूखही नव्हे. आटपाडी, कुंडल, औंध असे विखुरलेले तुकडे. १९०९ साली भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, गादीवर आले. महाराष्ट्र त्यांना सूर्यनमस्कारांमुळे ओळखतो. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे त्यांचे बळ होते, आणि १९३९ साली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना दिली. एका माणसाच्या वाट्याला इतके पुरे झाले असते. पण मुळात ते चित्रकार होते. स्वतः ब्रश हातात घेऊन बसणारे. त्यांचे चित्ररामायण १९१६ ला प्रसिद्ध झाले. वेरूळवर १९२९ साली आणि अजिंठ्यावर १९३२ साली त्यांनी पुस्तके लिहिली. एका लहानशा संस्थानचा राजा आपल्या मुलखातल्या लेण्यांचा अभ्यास करतो आणि जे पाहिले ते आपल्या लोकांसाठी पुस्तकात आणतो, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९३८ साली, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी श्री भवानी चित्रपदार्थ संग्रहालय उघडले. जागा निवडली ती राजवाड्यातली नाही. यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवर ते बांधले. मला या संग्रहालयातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. राजवाड्यात शेतकरी बिचकत शिरतो. देवीला जाताना तो पोराबाळांसह जातो, आणि उतरताना वाटेत चित्रे बघतो. दालनांत वरून नैसर्गिक उजेड येईल अशी रचना केली, म्हणजे चित्राचा रंग दिवसा आहे तसा दिसावा.

आत काय आहे? राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत, जी आपण फक्त कॅलेंडरवर पाहिली. धुरंधरांची चित्रे आहेत. पंडित सातवळेकरांची चित्रे आहेत. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते मुळात जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार होते आणि बाळासाहेबांच्या आश्रयाने औंधला राहिले. युरोपातल्या नामवंत चित्र-शिल्पांच्या नकला आहेत, जुनी लघुचित्रे आहेत, लाकडी आणि हस्तिदंती कोरीव काम आहे. आणि हेन्री मूर या विसाव्या शतकातल्या मोठ्या इंग्रज शिल्पकाराचे 'आई आणि मूल' हे शिल्पही आहे. ज्या काळात मुंबईतल्याही फार थोड्यांनी मूरचे नाव ऐकले असेल, त्या काळात खटाव तालुक्यातले पोर त्याच्या शिल्पाभोवती फिरू शकत होते. त्याला ते आवडले असेल की विचित्र वाटले असेल, हा भाग वेगळा.

या संग्रहालयाने शाळांना नेमके काय दिले? अलीकडच्या संग्रहालयांत शिक्षण विभाग असतो, कार्यशाळा होतात, मुलांना कागद-रंग वाटतात. तसे तिथे काही खाते होते असे मी म्हणणार नाही. त्याने दिली ती साधी गोष्ट. चालत जाण्याच्या अंतरावर अस्सल चित्र. रविवर्म्याची साडी जवळून पाहिली, तर ती सोनेरी नसते. पिवळे, तपकिरी, पांढरे असे फटकारे असतात, आणि चार पावले मागे गेले की जर चमकू लागते. हे कुठलेही पुस्तक शिकवू शकत नाही, छापील चित्र तर नाहीच. ज्या चित्रकला शिक्षकाच्या गावात असे चित्र आहे, त्याचा फळा मोठा होतो.

आणि त्या संस्थानाची हवाच तशी होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांच्या रेखाटनाकडे वळून ते शिक्षक झाले. पुढे १९१० साली बाळासाहेबांनीच त्यांना कुंडलजवळचे माळरान दिले आणि तिथे किर्लोस्करवाडी झाली. चित्रकलेच्या तासातून नांगर निघू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्याच मुलखातले गदिमा. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर लेखक झाले, पण त्यांचा हात रेखाटनावर आयुष्यभर चालत राहिला, आणि त्यांच्या पुस्तकांत त्यांची स्वतःची रेखाटने आहेत. आटपाडीचे शंकरराव खरात तर पुढे आपल्या मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे सगळे संग्रहालयामुळे घडले असा दावा केला तर तो खोटा ठरेल, कारण यांतले काही जण संग्रहालय उघडण्याआधीच शाळेत होते. पण ज्या राज्यात राजा चित्र काढतो, तिथे चित्र काढणाऱ्या पोराला कुणी 'रिकामटेकडा' म्हणत नसावे.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. १९५१ साली बाळासाहेब गेले. संग्रहालय आज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये खात्याकडे आहे, आणि शाळांच्या सहली अजून तो डोंगर चढतात.

'तिकडे राजा होता, आपल्याकडे कोण होते?' असे कुणी म्हणेल. तर तेर पाहा. धाराशिव जिल्ह्यातले तेर, जुन्या काळचे तगर. तिथे रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते राजे नव्हते, व्यापारी होते. गावाच्या पांढरीत पावसाने उघडी पडणारी खापरे, मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी त्यांनी आयुष्यभर वेचली आणि हजारो वस्तूंचा संग्रह केला. त्यात सातवाहनकाळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, आणि तिच्यासारखीच एक इटलीतल्या पॉम्पेईत सापडली आहे. त्या संग्रहातून उभे राहिलेले तेरचे संग्रहालय आज त्यांच्याच नावाने आहे. मराठवाड्यातल्या एका खेड्यात, एका दुकानदाराच्या चिकाटीने हे झाले.

आपल्या औंढ्याला ना राजा लाभला, ना लामतुरे. पण आपल्याला गोळा करण्याची गरजही नव्हती. नागनाथाचे देऊळ यादवकाळातले. दगड आपल्याच मुलखातला काळा बेसॉल्ट. नंतरच्या काळात वरचा भाग पडला, तो विटा-चुन्यात पुन्हा बांधला गेला. जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडले जाते. म्हणून आपले देऊळ खाली काळे आणि वर पांढरे दिसते. नामदेवांसाठी देऊळ फिरले आणि नंदी मागे राहिला, ही कथा आपण दुधाबरोबर प्यालो. विसोबा खेचरांनी नामदेवांना इथेच डोळे दिले. जमिनीखालच्या गाभाऱ्यात वाकून, अंग चोरून कितीदा उतरलो असू, त्याची गणती नाही. पण बाहेरच्या भिंतीशी आपण किती वेळ थांबलो?

डॉ. गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातल्या मंदिरशिल्पांवर आयुष्य खर्ची घातले. शिल्पांचे विद्यार्थी दुरून आपल्या गावात येतात, ते या भिंतीसाठी. आणि गंमत अशी की एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा अख्खा अभ्यासक्रम तिच्यावर कोरलेला आहे. खालच्या थरातले हत्ती पाहा. एकामागून एक, पण दोन सारखे नाहीत. संकल्पचित्रात 'एकाच आकाराची पुनरावृत्ती करा' म्हणतात, त्याचा हा धडा, आणि पुनरावृत्ती कंटाळवाणी होऊ नये म्हणून काय करायचे त्याचाही. भिंत सरळ नाही. कोन काढत, पुढे-मागे सरकत जाते. तिचा आराखडा कागदावर उतरवायचा, तर कंपास आणि गुण्या घेऊनच बसावे लागेल. ती झाली भूमिती. रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शंकर म्हणून जे शिल्प आपल्याकडे दाखवतात, त्याच्यासमोर उभे राहून पोराला एवढेच विचारावे, की ती रुसली आहे हे तुला कशावरून कळले? तोंड तर झिजले आहे. मग ते पोर मानेकडे बघेल, खांद्याकडे बघेल. ज्या दिवशी त्याला मानेतला रुसवा दिसला, त्या दिवशी त्याला चित्रकला येऊ लागली असे समजावे. आणि ज्या मूर्तींचे हात तुटले आहेत, त्यांचे हात कसे असतील ते मनाने काढायला लावावे. स्मरणचित्राला याहून चांगला विषय नाही.

हे आत्ताच का लिहितो, तर दोन गोष्टी घडताना दिसतात. एक, शाळाशाळांतून कलाशिक्षक कमी होत चालला आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे पूर्णवेळ ड्रॉइंगचे सर ही जात हळूहळू दुर्मीळ होणार. दुसरी गोष्ट अशी की इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागले, 'ए'ला ७, 'बी'ला ५, 'सी'ला ३. त्याने परीक्षेला बसणारी मुले वाढली, हे चांगलेच. पण गुणांसाठी येणारे पोर तयार नमुने पाठ करून येते. शिक्षक कमी, परीक्षार्थी जास्त, आणि पाहण्याची वस्तू तर आधीपासूनच नाही. अशाने तो तांब्यासुद्धा पाठांतराचा होईल.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून एक बस फिरती केली आहे. तिच्यात वस्तू आणि प्रतिकृती घेऊन ते शाळांच्या दारात जातात. लंडनच्या त्या फिरत्या पेट्यांचे काम दीडशे वर्षांनी आपल्या रस्त्यांवर आले, म्हणायचे. अशी बस आपल्या शाळेसमोर उभी राहिली तर आनंदच आहे. पण बस संध्याकाळी निघून जाते. भिंत कुठे जात नाही.

माजी विद्यार्थी मेळावा म्हटला की शाळेला काहीतरी द्यायचे ठरते, आणि बहुधा त्याची कमान होते, वर देणगीदारांची नावे. कमानीला माझा विरोध नाही. पण निधीतून थोडे बाजूला काढावे. चाळीस चित्रफलक, कागद, कोळशाच्या कांड्या, आणि भिंतीवरच्या प्रत्येक शिल्पाचे एक चांगले छायाचित्र, मोजमाप आणि क्रमांकासह, शाळेच्या एका खोलीत लावलेले. देवस्थान आणि पुरातत्त्व खाते यांची रीतसर परवानगी घ्यावी. मूर्तीला हात लावायचा नाही, कागद टेकवून घासायचा नाही, तेल-रंग जवळ न्यायचा नाही, एवढे तीन नियम पुरेत. पुढे पोरांनी आपापल्या वाडी-तांड्यावरचे, पिंपळाखालचे, शेंदूर फासलेले वीरगळ आणि सतीशिळा यांचीही रेखाटने आणावीत, गावाचे नाव आणि जागा लिहून. दगड मात्र जागचा हलवू नये. पाच-सात वर्षांत औंढा परिसराच्या शिल्पांची अशी एक वही तयार होईल, जी आज कुठल्याही खात्याकडे नसेल.

पहिला वर्ग आठवीचा न्यावा. यात्रेची गर्दी ओसरल्यावरचा एखादा दिवस, सकाळी सातला. त्या वेळी पूर्वेच्या भिंतीवर तिरपे ऊन असते आणि हत्तींच्या सोंडांच्या सावल्या लांब पडतात. साडेनऊनंतर ऊन वर चढते, दगड सपाट दिसू लागतो. म्हणून पोरांना शाळेत नव्हे, थेट पश्चिमेकडून वळसा घालून भिंतीपाशीच जमायला सांगावे.